वखारीतला राजा एकच घर चालतो

डहाणू रोडला लागून असलेल्या मसोलीत चिकू उत्पादकांची एक सहकारी सोसायटी आहे. तिचं कामकाज वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं चालायचं. वखारीत बाया चिकू निवडायच्या, हमाल क्रेट टेम्पोत चढवायचे, टेम्पो अच्छाडला नाक्यावर जायचा आणि तिथं उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकात माल भरला की ट्रक दिल्लीला. या पद्धतीत एकच गंभीर दोष होता. ती बिनबोभाट चालत होती. जे बिनबोभाट चालतं त्यात सुधारणेला भरपूर वाव असतो, असं वरून पत्र आलं. प्रत्येक संस्थेनं आपल्या पदाधिकाऱ्यांस आधुनिक व्यवस्थापनाचं प्रशिक्षण द्यावं व दिल्याचे फोटो पाठवावेत, असा त्याचा मथितार्थ होता.

चेअरमन काशीनाथभाऊ सावे रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झालेले. नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी एकदा प्लॅटफॉर्म तिकीट नाही म्हणून स्टेशनाबाहेर काढलं होतं, आणि तो मेव्हणा त्यांच्याच लग्नाला आला होता. पत्र वाचून त्यांनी सेक्रेटरी नितीनला सांगितलं, "शोध कोणीतरी." नितीननं सुदर्शन सर शोधले.

सुदर्शन सर 'बुद्धिबळातून धंदा आणि जीवन' शिकवायचे. कोट, कानाला माइक, मागे पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी. "आयुष्य हा पट आहे," सर म्हणाले, "धंदा हा डाव आहे. स्वतःला विचारा, मी कोणतं मोहरं?" सभासदांनी स्वतःला विचारलं. उत्तर प्रत्येकाला बरंच वरचं मिळालं असावं, कारण सगळे खुशीत दिसत होते. बुद्धिबळ कुणालाच येत नव्हतं. सरांना येतं का, हे विचारायच्या आत समोसे आले.

जी संस्था हंगामभर बुद्धिबळाचे नियम काटेकोर पाळेल तिला फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळणार होतं. काशीनाथभाऊंनी त्यासाठी भिंतीत खिळा त्याच संध्याकाळी ठोकून घेतला.

घरी सुधाताईंनी एवढंच विचारलं, "ते प्यादं-घोडं काय असेल ते असू दे. माझा माल जाणार ना वेळेत?"

माल म्हणजे कैनाडच्या तुकड्यात त्यांनी स्वतः लावलेल्या झाडांचा पहिला तोडा. खड्डे त्यांनी उभं राहून खणून घेतले होते, उन्हाळ्यात पाणी स्वतः घातलं होतं. आयुष्यभर "सावेंच्या मिसेस" म्हणवून घेतल्यावर या एका मालावर त्यांना स्वतःचं नाव हवं होतं. म्हणून क्रेटवर निळ्या रंगानं लिहून आणलं होतं: सुधा. चिकू मऊ पडायच्या आत ते नाव दिल्लीच्या बाजारात पोचायला हवं होतं.

"अगं, जाणार म्हणजे काय, आता शास्त्रोक्त जाणार!" काशीनाथभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वखारीच्या फरशीवर चुन्यानं आणि कोळशानं काळीपांढरी चौसष्ट घरं आखली. काशीनाथभाऊ राजा. नितीन वजीर. वजनकाटा हत्ती, कारण तो हलवायला चार माणसं लागायची. हमाल आणि निवडणाऱ्या बाया ही प्यादी. आता डावाला प्रतिस्पर्धी हवा, तर तोही ठरला: कैनाडच्या व्यापारी दक्षाबेन. त्यांना कळवायचं मात्र राहून गेलं.

पहिली अडचण अर्ध्या तासात आली. नियम असा की ज्या मोहऱ्याला हात लावला ते चालवायचंच. नितीननं तो मालालाही लागू केला: ज्या चिकूला हात लावला तो क्रेटमध्ये गेलाच पाहिजे. निवडणाऱ्या गंगीनं एक चिकू उचलला, दाबला, नासका निघाला म्हणून बाजूला टाकायला गेली.

"गंगीबाई! हात लावलात. आता भरा."

"अवो, नासका हाय."

"तो हात लावायच्या आधी विचार करायला हवा होता. बुद्धिबळ हेच तर शिकवतं."

"हात लावल्याबिगर नासका हाय ते कसं कळंल?"

नितीननं सरांना फोन केला. सर म्हणाले, प्रश्न अतिशय मार्मिक आहे. तेवढ्यावर फोन संपला. मग बाया हात मांडीवर ठेवून चिकूंकडे नुसत्या बघत बसल्या. दुपारपर्यंत त्यांनी नजरेनं जेवढे निवडले तेवढे भरले, आणि त्यात नासके इमानेइतबारे सगळे गेले.

तरी भरलेला माल टेम्पोनं अच्छाडला निघाला. दरवर्षीसारखे सगळे हमाल सोबत गेले. काशीनाथभाऊंना जरा हायसं वाटलं. तासाभरानं चैत्या हमालाचा फोन आला.

"भाऊ, आम्ही पोचलो."

"शाब्बास. चढवा माल."

"तसं नाय ना भाऊ. अच्छाडला महाराष्ट्र संपला. म्हंजी पट संपला. प्यादं शेवटच्या घरात पोचलं का वजीर होतं, नितीनशेठनीच समजावलंय. आता आमी समदे वजीर. वजीर क्रेट उचलतंय काय?"

काशीनाथभाऊंनी नितीनकडे पाहिलं. नितीननं बुद्धिबळाच्या नियमांचं पुस्तक चाळलं आणि तो जड आवाजात म्हणाला, "नियमात बसतंय."

झालं! अच्छाडच्या ढाब्यावर सोसायटीचे आठ वजीर खाटांवर बसून चहा पिऊ लागले. माल उन्हात, ट्रक रिकामा. संध्याकाळी माल वखारीत परत आला, सुधाताईंचे क्रेट सगळ्यात खाली. वजीर मंडळी टेम्पोत पुढं बसून आली, कारण वजीर कोणत्याही दिशेनं जाऊ शकतो. ड्रायव्हर सुनीलनं एकट्यानं क्रेट उतरवले आणि कपाळावर हात मारून घेतला.

यापुढचं संकट खाजगी स्वरूपाचं असल्यानं सभ्य शब्दांत सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी काशीनाथभाऊंना लघुशंकेला जायचं होतं. मोरी वखारीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे सात घरं पलीकडे. राजा एका वेळी एकच घर चालतो. भाऊंनी एक घर टाकलं, दुसरं टाकायला पाय उचलला, तेवढ्यात नितीन ओरडला, "भाऊ! आता समोरच्याची चाल."

"अरे, पण मला घाई आहे."

"राजानंच नियम मोडला तर प्रमाणपत्र कोण देईल?"

भाऊंनी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. आयुष्यात कधी नियम मोडला नव्हता, आता उतारवयात कुठं मोडायचा? त्यांनी दक्षाबेनला फोन लावला.

"दक्षाबेन, काहीतरी करा."

"अरे काशीनाथभाई, शू थयू? तब्येत बरी ना?"

"तब्येतीचं नंतर. तुम्ही एक चाल खेळा. काहीही करा, पण धंद्यातलं करा."

"सकाळच्या प्रहरी काय मस्करी? हां, माझा ट्रक भरून उभा आहे. सोडू?"

"सोडा, सोडा! लवकर सोडा!"

ट्रक सुटला. भाऊ एक घर पुढं सरकले. पुन्हा फोन. दक्षाबेन म्हणाल्या, आता माझ्याकडे दुसरा ट्रक नाही. भाऊंच्या कपाळावर घाम. "मग आमचा घ्या! अच्छाडला रिकामाच उभा आहे." त्यांनी घेतला, भाऊ तिसऱ्या घरात. मग दक्षाबेनकडे भरायला माल नव्हता, तर भाऊंनी आपल्याच सभासदांची नावं सांगितली, ज्यांनी अजून तोडा केला नव्हता. चौथं घर. पुढं त्यांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याचा नंबर दिला, भाव काय सांगायचा ते सांगितलं, आणि सहाव्या घरात गुडघे जवळ घेऊन उभे असताना कळवळून म्हणाले, "बेन, त्याला एवढंच सांगा की आमची सोसायटी बंद झाली! यानं चाल होते, मी नितीनला विचारलंय."

"देवमाणूस आहात हो तुम्ही," दक्षाबेन गहिवरल्या. "असा हरीफ, असा प्रतिस्पर्धी सगळ्यांना मिळो."

काशीनाथभाऊ मोरीत पोचले. त्या क्षणी त्यांना जो आनंद झाला तो खरोखर राजाला शोभेल असा होता.

आठवडा गेला. वखारीत असा वास सुटला की मसोलीतली माणसं नाकाला रुमाल लावून जाऊ लागली. एकदा सगळे गेल्यावर भाऊंनी खालचा क्रेट ओढून काढला. निळी अक्षरं ओघळलेल्या रसानं चिकट झाली होती. एक चिकू हातात घेतला तर तो बोटांतून गळाला. भाऊ तिथंच बसले आणि लहान मुलासारखे रडले. नंतर मात्र त्यांनी तो चिकू क्रेटमध्ये परत ठेवला. हात लावला होता ना!

वखारीतच विशेष सभा बोलावली. सभासद तलवारी उपसूनच आले. सुदर्शन सरही आले, त्याच कोटात. कुणी काही बोलायच्या आधीच सर म्हणाले, "अभिनंदन! आपण एक डाव हरलो. पण प्रत्येक सभासदाच्या अंगी वजीर होण्याची क्षमता आहे, हे सिद्ध झालं." तलवारी जरा खाली आल्या. पाठीमागं बसलेल्या चैत्यानं मान डोलावली.

तेव्हा सुधाताई उठल्या. आवाज चढवला नाही.

"माझा एक प्रश्न आहे सर. आमचे हे राजा झाले. नितीन वजीर झाला, चैत्याही वजीर झाला. गंगी प्यादं. मग ह्या सगळ्या खेळात चिकू कोण होतं?"

काशीनाथभाऊंचे कान तापले. उत्तर त्यांना ठाऊक होतं, क्रेटवर निळ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं, आणि सुधाताई त्यांच्याकडेच बघत होत्या. ते उठणार, काहीतरी बोलणार, एवढ्यात सर दोन्ही हात पसरून म्हणाले, "वा! काय प्रश्न आहे! याच विषयावर आपलं प्रगत शिबिर आहे. 'स्वतःतला चिकू ओळखा.' जागा मर्यादित."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात एक जोडी हातांची काशीनाथभाऊंची होती. ते हात कसे वाजले ते त्यांना अजून कळलेलं नाही. सुधाताईंनी पर्स उचलली आणि एकट्या बाहेर पडल्या. काळ्या घरातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून काळ्यात, कुणाच्याही चालीसाठी न थांबता. बाकी सगळे नाव नोंदवायला रांगेत उभे राहिले.

तुम्ही हसताय. हसा, हसायलाच पाहिजे. फक्त एवढं आठवून बघा, मागं तुमच्या ऑफिसात कोट घातलेला एक माणूस आला होता आणि त्यानं विचारलं होतं, "स्वतःला विचारा, मी कोण?" तेव्हा पहिल्या रांगेत बसून, समोशाची वाट बघत, जोरजोरात मान कोण हलवत होतं?