किल्लेदारीणबाईंची चहाघरावरील स्वारी

श्री. विघ्नहर्त्यास नमन, कुळस्वामिनीस नमन, आणि जी अन्नपूर्णा चुलीवर आधण ठेविते तीस त्रिवार नमन. शके अठराशें सव्वीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं राज्यांत जें वर्तमान जाहलें तें पाहिलें तैसें आणि ऐकिलें तैसें लिहितों. पदरचें मीठ घातलें असेल तर चिमूटभर, अधिक नाहीं. राज्य कोणतें हें पुसूं नये. राज्यास तळें होतें, तळ्याकांठीं जुना हवामहाल होता, तो एका मडमेनें मक्त्यानें घेतला आणि तेथें चहाघर मांडिलें. मेजांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या, किटल्यांस लोकरीच्या टोप्या घातल्या, आणि गुरुवारीं तिसरे प्रहरीं पुरुषमाणसास मज्जाव करून तो बायकांचा दिवस ठरविला. मग मानकऱ्यांच्या बायका मेण्यांतून आणि बैलांच्या दमण्यांतून जाऊं लागल्या, आणि परत येऊन सांगूं लागल्या कीं तेथें नुसता चहा येत नाहीं, तीन मजली तबक येतें, खालचे मजलीं काकडीचे पाव, मधले मजलीं केक, आणि वरचे मजलीं काय असतें तें खाणारीसही सांगतां येत नाहीं. असो.

आतां किल्लेदारीण गजराबाई यांची हकीकत. किल्ल्यावर तोफ एकच उरली होती आणि तीही दसऱ्यास वाजे, परंतु बाईंचा दरारा चार तोफांचा. राणीसाहेब नऊ वर्षांची नवरी होऊन राज्यांत आल्या तेव्हां पाठराखीण म्हणून आठ वर्षांच्या गजराबाई बरोबर आल्या, त्या आल्याच; पुढें किल्लेदारांस दिल्या. त्याच हिंवाळ्यांत राणीसाहेबांस पडसें जाहलें आणि वैद्यांनीं चहा म्हणून नवें औषध कपबशींतून पाठविलें. राणीसाहेबांनीं घोट घेतला, जीभ पोळली, रडूं लागल्या. तेव्हां गजराबाईंनीं अर्धा चहा बशींत ओतिला, फुंकर घालून आपण प्याल्या, आणि बशी रिकामी जाहली तों कपांतला चहा राणीसाहेबांच्या जिभेस सोसे इतकाच निवाला. तेव्हांपासून तीच रीत पडली. कप राणीसाहेबांचा, बशी गजराबाईंची. तीस वर्षें तिसरे प्रहरीं हेंच चाललें. दरबारीं कोणास पालखीचा मान, कोणास विड्याचा मान, तैसा गजराबाईंस बशीचा मान होता, आणि त्याची सनद नव्हती इतकेंच.

ऐशांत राज्यांत नवे दिवाण आले आणि त्यांचें कुटुंब मनोरमाबाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, खोटें कां बोलावें. आगबोटींत बसलेल्या, पायांत मोजे घालणाऱ्या, बोलणें मऊ. त्यांणीं राणीसाहेबांस एके गुरुवारीं चहाघरास नेलें, आणि मग दुसरे गुरुवारीं नेलें, आणि तिसरे गुरुवारीं राणीसाहेब आपण होऊन निघाल्या. गजराबाईंस बोलावणें आलें नाहीं. मग बाईंच्या अंगाचा जो तिळपापड जाहला तो काय वर्णावा! घरांत भांडें आदळलें तर ‘दिवाणीणबाईंस विचारून आदळा’ म्हणत, किल्लेदार शिंकले तर ‘तुम्हीही जा चहाघरास’ म्हणत, आणि किल्लेदार बापडे शिंक दाबून बसत. राणीसाहेबांच्या मेण्याबरोबर चालणारी साळू हुजरी होती, तीस बोलावून आणिलें आणि दार लावून पुसों लागल्या.

“हसल्या का गं राणीसाहेब?”

“हसल्या जी.”

“गालातल्या गालात, का मोठ्यानं?”

“मोठ्यानं जी. डोळ्याला पदर लावला.”

“कितीदा?”

“दोनदा. न्हाई, तीनदा. तिसऱ्या खेपेला ठसका लागला.”

“आणि मग पाठीवरून हात कोणी फिरवला?”

साळू जमिनीकडे पाहूं लागली, आणि बाईंस काय तें कळलें. ठसक्याचा हात तीस वर्षें त्यांचा होता.

मग चौथे गुरुवारीं बाईंनीं स्वारीचा निश्चय केला. जरीकांठी लुगडें काढिलें, नथ घातली, दमणीस पडदे लाविले आणि एकट्याच कूच करून चहाघरीं दाखल जाहल्या, आणि खांबाआड कुंडींतल्या झाडामागें मेज धरून मोर्चा बांधिला. मडम येऊन पुसती जाहली, “बाई, चा कैसा मंगता?” बाई बोलिल्या, “गरम.” किटली आली तिची टोपी पाहून हें कोणाचें टोपडें राहिलें म्हणून बाईंनीं तें काढून, घडी घालून, नीट बाजूस ठेविलें. मग झाडाच्या पानांतून पाहतात तों पलीकडे राणीसाहेब आणि मनोरमाबाई. मनोरमाबाई हात हालवून कांहीं सांगत होत्या आणि राणीसाहेब हनुवटीखालीं हात देऊन लहान पोरीगत ऐकत होत्या. तें तोंड पाहून बाईंच्या काळजांत कळ आली. ऐसें तोंड आपल्यासाठीं कधीं जाहलें होतें, तें त्यांस आठवेना.

परंतु बाईंची नजर कपावर गेली. कपांतून वाफ निघत होती. राणीसाहेबांनीं कप उचलिला, ओठांशीं नेला, आणि तैसाच खालीं ठेविला. मग गोष्टींत रमल्या, आणि चहावर साय धरली, आणि मडमेनें तो कप नेऊन दुसरा आणिला, आणि दुसऱ्याचीही तीच गत. दोन कप जाहले, पोटांत थेंब नाहीं! हें पाहून बाईंस इतका आनंद जाहला कीं त्यांणीं काकडीचे दोन पाव एकदम तोंडांत घातले. मग तिसरा कप आला, आणि राणीसाहेबांचा हात बशीकडे गेला आणि माघारा फिरला. आतां बाईंच्यानें राहवेना. उठल्या, आणि नथ सांवरीत सरळ त्या मेजावर चाल करून गेल्या.

“अगंबाई!” राणीसाहेब बोलिल्या. “तू इथं?”

“आले,” म्हणून बाईंनीं खुर्ची ओढिली, बसल्या, आणि तीस वर्षांचा हात आपोआप कपाकडे गेला. चहा बशींत ओतिला, बशी दोहों हातीं उचलिली आणि फुंकर घातली. फुंकर किल्ल्यावरची होती. साऱ्या दालनांत ऐकूं गेली. चमचे वाजायचे थांबले. कोणी मागें फिदकन हसली. मनोरमाबाई हळूच आणि बहुत सभ्यतेनें बोलिल्या, “किल्लेदारीणबाई, इथं बशीत ओतून घेत नाहीत हो. बशी नुसती कपाखाली असते.” रागें भरून बोलल्या असत्या तर बाईंनीं जाग्यावर उत्तर दिलें असतें, गोड बोलल्या म्हणून अधिक झोंबलें. बाईंनीं राणीसाहेबांकडे पाहिलें. राणीसाहेब चादरीची सुरकुती बोटानें सारखी करीत होत्या, आणि मान वर न करितां बोलिल्या, “राहू द्या, गजराबाई.”

जन्मभर ‘गजरे’ म्हटलें, आणि आज बाई! बाईंस कानशिलांत बसल्यासारखें जाहलें. त्यांणीं भरली बशी थेंब न सांडतां मेजावर ठेविली, आणि ताठ मानेनें बाहेर आल्या, आणि दमणीचे पडदे ओढल्यावर मग रडल्या. गाडीवान बैलांशीं मोठ्यानें बोलत राहिला.

मग रुसवा. राजवाड्यांतून बोलावणें आलें, डोकें दुखतें म्हणून सांगितलें. पुन्हां आलें, गुडघा दुखतो म्हणून सांगितलें. पुढचा गुरुवार आला तो तैसाच गेला, त्या दिवशीं तर बाई जेवल्याही नाहींत. आणि शुक्रवारीं तिसरे प्रहरीं खाशांचा मेणा किल्लेदारांचे दारीं उतरला. मागें साळू, तिचे हातीं ताट, ताटांत राजवाड्यांतली जुनी कपबशी. राणीसाहेब माजघरांत आल्या, बसल्या, आणि जीभ बाहेर काढून दाखविली. टोंकावर पांढरा फोड.

“काल भाजली,” राणीसाहेब बोबडें बोलिल्या. “सगळ्या बघत होत्या, म्हणून मोठा घोट घेतला.”

“बरं झालं,” बाई बोलून गेल्या.

राणीसाहेबांस हसूं आलें, हसतांना जीभ दांतास लागली, डोळ्यांत पाणी आलें. बाई पाठीवरून हात फिरवूं लागल्या, मग आपण रुसलों आहों हें आठवून हात काढून घेतला.

“मग जाता कशाला तिकडे?”

“तिच्यापाशी गोष्टी आहेत, गजरे. आगबोटी आहेत, समुद्र आहे. मी या तळ्यापलीकडे कधी गेले का? तुझ्या गोष्टी मला पाठ आहेत.”

“मग तिच्यापाशीच बसा की.”

“बसते. पण तिच्यापाशी सारखं ऐकावं लागतं. तुझ्यापाशी गप्प बसता येतं.” राणीसाहेब थांबल्या. “त्या दिवशी तेवढ्यापुरती तुझी लाज वाटली मला, गजरे. खोटं सांगत नाही. आणि तेव्हापासून माझी मला वाटते आहे.”

बाईंनीं उठून चुलीवर आधण ठेविलें, चहा केला, जुन्या कपांत ओतिला, अर्धा बशींत घेतला आणि फुंकर घातली. राणीसाहेब पाहत बसल्या, आणि मग सहज बोलिल्या, “काल भाजल्यावर मनोरमाबाईंनीही विचारलं होतं, मी फुंकून देऊ का म्हणून.”

बशी ओठांशीं थांबली. “मग?”

“मी म्हटलं, नको. ते काम दुसरीचं आहे.”

बाईंनीं बशी पार रिकामी केली, पदरानें तोंड पुसलें, कपास बाहेरून बोट लावून पाहिलें. “घ्या. निवला.” राणीसाहेब सुखानें प्याल्या. बाईंनीं बशी विसळून पालथी घातली. मग बाई एकाएकीं बोलिल्या, “पण विचारलंच कसं तिनं? जवळ सरकून विचारलं, की लांबूनच?”

येणेंप्रमाणें चहाघरची मोहीम आटोपली. गुरुवार मनोरमाबाईंकडे राहिला, बाकीचे सहा वार गजराबाईंकडे आले, आणि बशीचा मान पूर्ववत् चालला. सहास एक, म्हणजे जय कोणाचा हें लहान पोरही सांगेल. तरी दर शुक्रवारीं सकाळीं साळू किल्लेदारांचे घरावरून जाते, आणि दार लागतें, आणि राणीसाहेब काल कितीदा हसल्या हें सांगितल्यावांचून गजराबाई तीस बाहेर सोडीत नाहींत. एथें बोरू ठेविला.