तीस सेकंद हात स्थिर

कोणताही आजार बरा करायचा तर आधी तो दिसला पाहिजे, आणि दिसायचा तर चौकटीत मावला पाहिजे. या थोर तत्त्वावर आमच्या भागातल्या व्यसनमुक्ती केंद्राने साथीच्या काळात सगळे उपचार मोबाइलवर आणले आणि दारू सोडण्याच्या शास्त्राला एकदाची शिस्त लागली.

पूर्वी काय गोंधळ होता! रुग्णाला केंद्रात जावं लागे. तिथे डॉक्टर अगदी समोर बसत, नाडी बघत आणि (लिहितानाही लाज वाटते) त्याच्या तोंडाचा वास घेत. मोबाइलमधून वास येत नाही, ही अडचण केंद्राने दोन बैठकांत निकाली काढली. ठराव असा : वासाची नोंद नसल्यास वास नव्हता असे समजावे.

माझे बाबा या योजनेचे लाभार्थी. ते शाळेची बस चालवतात. साथ आली, शाळा बंद पडली, बस आवारात धूळ खात उभी राहिली आणि बाबा जे संध्याकाळी प्यायचे ते सकाळपासून प्यायला लागले. शाळेने कळवलं, शाळा उघडेल तेव्हा केंद्राचं प्रमाणपत्र दाखवा, मगच बसची चावी मिळेल. नाहीतर दुसरा ड्रायव्हर तयार आहे.

मलाही पद मिळालं : सहायक नातेवाईक (तांत्रिक). कर्तव्यं तीन. बिस्किटांच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करणं, बाबांचं डोकं चौकटीच्या आत ठेवणं आणि आईला चौकटीच्या बाहेर. (आई मागे उभी राहून पदराने डोळे पुसायची. केंद्राच्या मते त्याने पार्श्वभूमी बिघडते.)

उपचार आठवड्यातून तीनदा, सकाळी अकराला, बारा मिनिटं. त्यातली चार "ऐकू येतंय का?" यात, तीन "आता येतंय का?" यात. मग मुख्य तपासणी : दोन्ही हात पुढे, तीस सेकंद. हात स्थिर, तर रुग्ण सुधारतोय. थरथरले, तर पितोय. इतकी सोपी तपासणी की ती करायला डॉक्टरच लागत नाही, आणि म्हणूनच केंद्राने तो ठेवला नव्हता. एक समुपदेशक ताई होत्या. एका वेळी सहा रुग्ण बघायच्या.

अशा सुरळीत कारभारात बाबांनी घोळ घातला. त्यांनी खरंच दारू सोडली.

चार दिवस. उशी घामाने चिंब. कप दोन्ही हातांनी धरला तरी अर्धा चहा शर्टावर. पण घरात वास नव्हता! चौथ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "बाळा, चार झाले हं." मी कॅलेंडरवर एवढी मोठी फुली मारली की पुढचे दोन दिवसही तिच्याखाली गेले.

अकरा वाजले. बाबांनी हात पुढे केले. पानं हलावीत तसे हलले.

"काका, हात हलवू नका."

"मी नाही हलवत ताई. तेच हलतायत."

"म्हणजे पुन्हा सुरू केलीत ना?"

"सोडली हो! सोडली म्हणूनच—"

"काका, सगळे असंच म्हणतात." 

अहवाल आला : प्रगती असमाधानकारक. रुग्ण खोटे बोलतो. आणखी एकदा असे आढळल्यास नाव कमी करण्यात येईल.

पुढच्या तपासणीच्या सकाळी, दहा वर्षं बाटल्या मोरीत ओतणाऱ्या माझ्या आईने शेजारून एक बाटली आणवली. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून चार झाकणं दिली. "घ्या," ती म्हणाली, "नोकरी तरी राहू दे." बाबांनी तिच्याकडे न बघता घेतली. अकराला हात पुढे केले. दगडासारखे!

"वा काका!" ताई म्हणाल्या. "बघा, मनावर घेतलं की होतं."

चार झाकणांची सहा झाली, सहाची नऊ. केंद्राचा आलेख चढतच गेला. मी ताईंना गुपचूप फोन करून सगळं सांगितलं. त्या प्रेमाने म्हणाल्या, "अगं, तू अभ्यास कर. रेष बघ ना, किती सरळ वर चाललीये!" माझ्या फोनचीही नोंद झाली : नातेवाईक भावनिक, सहकार्य कमी.

बाबांना प्रमाणपत्र मिळालं. शाळेने ते पालकांच्या ग्रुपवर टाकलं. तुम्हा पालकांपैकी एकशे बेचाळीस जणांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. खाली मी लिहिलं, "बाबा अजून पितात. कृपया त्यांना खऱ्या डॉक्टरकडे पाठवा." त्यावर तुमच्यातल्याच एका काकूंचं उत्तर आलं, "ग्रुपवर फक्त बसच्या वेळा टाकाव्यात."

बरोबर आहे. टाकते. सोमवारी शाळा उघडतेय. बस सात वाजून दहा मिनिटांनी, तुमच्या कोपऱ्यावर. बाबांचे हात स्टिअरिंगवर अगदी स्थिर असतील, काळजी नसावी.

आणि कधीतरी ते हात थरथरताना दिसले, तर समजा की बाबांनी पुन्हा प्रयत्न सुरू केलाय. निदान त्या दिवशी तरी त्यांना कुणीतरी दवाखान्यात न्यायला हवं. पण तुम्ही काय कराल ते मला माहीत आहे. तक्रारीचा नंबर प्रमाणपत्राच्या खालीच छापलाय.