गाळणीची लांबी ठरवण्याबाबत

बायको गेल्यावर तिचा आवाज म्हणून माझ्याकडे फोनवर चुकून सुरू झालेलं अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग उरलं. त्यात मिक्सर फार आणि बायको थोडी. ती काय म्हणते ते कळावं, म्हणून मी ध्वनिशुद्धी कार्यालयात रीतसर अर्ज केला.

तिथल्या इंजिनीअर बाईंनी सांगितलं, की यावर आकड्यांची गाळणी लावावी लागेल. गाळणीची लांबी टॅपमध्ये मोजतात. टॅप जितके जास्त तितका आवाज स्वच्छ, पण तितकाच उशिरा बाहेर येतो.

"काका, एकतीस टॅप पुरेत. मिक्सर थोडा राहील, पण काकू आजच बोलतील."

मी हो म्हटलं. फाइल भांडारात गेली. टॅप म्हणजे नळ असं गृहीत धरून भांडारपालांनी लेखी विचारलं, पितळी की प्लास्टिकचे? खुलासा पोचेपर्यंत प्लंबर व्हरांड्यात एकतीस नळ बसवून गेला होता. पाणी एकालाही नव्हतं. शेरा मात्र 'काम समाधानकारक' असा होता.

मग फाइल वर चढली. मिक्सर राहिला तर जबाबदार कोण, या काळजीने प्रत्येक साहेबाने सही करताना टॅप दुप्पट केले. सह्या सदतीस झाल्या. टॅपचा आकडा रकान्यात मावेना, तेव्हा परिशिष्ट जोडलं.

मोठ्या साहेबांनी मला बोलावून अभिनंदन केलं. मिक्सरचा मागमूस राहणार नव्हता. आवाज साधारण साडेआठ वर्षांनी बाहेर येणार होता. तोवर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा होता, माझा आणि आवाज जिचा आहे तिचाही.

"तिचा कुठून आणू?" मी विचारलं.

"तेवढी एक त्रुटी आहे," साहेब म्हणाले. "बाकी फाइल परिपूर्ण आहे."

मी थेट इंजिनीअर बाईंकडे गेलो. त्यांनी दार लोटलं आणि मंजुरीबिंजुरी न बघता एकतीस टॅप लावले. मिक्सर घरघरत राहिला, पण शब्द कळले.

"अहो, तिसरी हाक आहे ही. येताय ना?"

मग माझाच आवाज, अगदी स्वच्छ: "हो हो, आलोच."

पुढे सहा सेकंद मिक्सर. मी काही आलो नाही.

बाईंनी मशीन बंद केलं. मीही उठलो. तुम्ही मात्र अजून वाचताय. आतून कुणी हाक मारली होती ना?