हेलेनाबाई हीबर्ट यांनी सवलतीचा लॅपटॉप सर केला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप राजमान्य राजश्री याकोबकाका हीबर्ट, मुक्काम पराग्वे, यांचे सेवेसी पुतणी एल्फ्रीडा हिची विनंती ऐसीजे. आपली आज्ञा जाहली की, लेनाने यंत्र कैसे घेतले, कोणाशी बोलली, कोठे फसता फसता वाचली, हे साद्यंत लिहून पाठवावे. आज्ञा शिरसावंद्य. जे घडले ते लिहिले आहे, पदरचे घातले नाही. जेथे घातले तेथे मातोश्रींनी खोडले आहे.

प्रथम दौलतीचे मूळ. आपले बंधू, आमचे तीर्थरूप, ख्रिस्तवासी कॉर्नेलियसराव हीबर्ट यांनी विनिपेग शहरी, किल्डोनन पेठेत, चाळीस वर्षे सुतारकी करोन घर राखिले आणि बाजारात नाव मिळविले. छापील किमतीस वस्तू घेणे म्हणजे आपल्या साध्या, कर्मठ मेनोनाइट पंथाच्या माणसाने चर्चमध्ये नाचणे, ऐसा त्यांचा सिद्धांत. वस्तू कितीही मनास आली तरी तत्काळ घेऊ नये, मोटारीत बसोन दुकानाच्या आवारास एक प्रदक्षिणा घालावी, आणि फिरोन दाराशी येईतो इच्छा शिल्लक राहिली तरच पाकीट काढावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. या प्रदक्षिणेत मातोश्री हेलेनाबाई, म्हणजे आपली लेना, मांडीवर पर्स धरोन शेजारी बसत, आणि निवाडा राव करीत. ऐसी अठ्ठेचाळीस वर्षे गेली.

आणि दर रविवारचा रिवाज आपणांस विदितच आहे. दुपारची कॉफी, मुरंबा आणि डोक्यावर डोके ठेवलेले दुमजली पाव ऐसा फराळ आटोपला की बरोबर तीन वाजता रावांनी लॅपटॉप उघडावा, आणि आपले मुलुखी जेथे तेव्हा सहा वाजत, तेथे आपण प्रकट व्हावे. आपले कान वयोमानाने गेले, समोरच्याचे ओठ पाहोन आपण समजून घेता, म्हणोन टेलिफोन निरुपयोगी आणि मोबाइलच्या पडद्यावर ओठ तांदळाएवढे. सबब लॅपटॉप हाच या दोन दरबारांमधील एकला पूल. मातोश्री मागून किटली घेऊन जात, हात हलवीत. त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत.

मग फेब्रुवारी मासी राव गेले. मार्चात लॅपटॉपचा पडदा काळा पडला. मातोश्रींनी त्यावर विणलेला रुमाल घातला आणि तो विषय बंद जाहला. कन्येने, म्हणजे या लिहिणारीने, तीन वेळा नवे यंत्र आणण्याची तजवीज केली, तीनही वेळा उत्तर आले की, ‘‘बघू.’’ हे ‘बघू’ नऊ महिने टिकले.

नाताळात आपले कार्ड आले. त्यात मजकूर दोनच ओळींचा: ‘मी अजून सहाला बसतो. रविवारी.’ मातोश्रींनी ते कार्ड वाचले, उलटे करोन मागची छपाई वाचली, पुन्हा सुलटे केले, आणि हुकूम सोडला की, ‘‘फ्रीडा, या रविवारच्या आत लॅपटॉप हवा.’’ तो दिवस शुक्रवार. रविवारास दोन दिवस उरले. मोहीम उघडली.

ते दिवशी टपालात एका मोठ्या दुकानाचे जाहिरातपत्रक पडले होते. त्यात लॅपटॉपचे चित्र, वर एक हजार नव्व्याण्णव डॉलर हा आकडा लाल रेघेने खोडिलेला, आणि खाली सहाशे एकोणपन्नास. मातोश्रींस गहिवर आला.

‘‘साडेचारशे सोडतायत! बिचाऱ्यांचं भागतं कसं?’’

कन्येने अकरा परीक्षणे वाचिली होती आणि तीस विद्येचा ताठा होता. ती म्हणाली, ‘‘आई, हजाराच्या वर तो कुणी कधी विकलेलाच नाही. तो आकडा खोडायलाच लिहिलाय.’’

‘‘खोडायचा तर लिहिला कशाला?’’

‘‘तुला गहिवर यावा म्हणून.’’

‘‘छापून खोटं बोलतील? काहीतरीच तुझं!’’ ज्या गावी ‘हो’ म्हणजे हो आणि ‘नाही’ म्हणजे नाही, शपथ घेणे हेही पाप, त्या गावच्या लेकीस छापील लबाडी पटविणे म्हणजे माशास दुष्काळ समजाविणे. कन्येने हत्यार म्यान केले.

दुसरे दिवशी शनिवार, उणे एकतीस अंश थंडी. इंजिन गोठो नये म्हणोन मोटार विजेच्या तारेस बांधोन ठेविली होती, ती सोडविली. मातोश्री दाराशी बूट चढविण्यास वाकल्या. या घरी बुटांखाली जुनी जाहिरातपत्रके अंथरण्याचा रावांचा प्रघात. बर्फ वितळावे, रस्त्याचे मीठ गळावे, ते कागदाने प्यावे. कागदावर तीन जोड होते: मातोश्रींचे, कन्येचे, आणि अकरा नंबरचे थोरले. ते थोरले फेब्रुवारीपासोन कोणी हलविले नाहीत ऐसा कन्येचा समज होता. मातोश्री वाकल्या आणि तेथेच थांबल्या. मग त्यांनी थोरला बूट दोन्ही हातांनी उचलोन बाजूस ठेविला. खाली तोच लॅपटॉप, तेच दुकान. मीठ खाऊन किंमत पुसट जाहली होती तरी वाचता येत होती: खोडिलेले नऊशे नव्व्याण्णव, खाली पाचशे नव्व्याण्णव. मास ऑक्टोबर.

मातोश्रींनी पुसट आकड्यावर बोट फिरविले. मग म्हणाल्या, ‘‘छापून गं!’’

आणि कन्या दुसरेच पाहात होती. कागद ऑक्टोबरचा, म्हणजे फेब्रुवारीनंतर कोणीतरी त्या बुटांखालचा कागद वेळोवेळी बदलीत होते.  मातोश्रींनी कागद झाडिला, घडी केली, पर्समध्ये दुमजली पावांच्या पुडक्याशेजारी ठेविला, आणि या सनदेनिशी फौज निघाली. फौज एकूण दोन.

दुकानी तमाम गर्दी. काउंटरवर रोडेलियोपंत म्हणोन पन्नाशीचे गृहस्थ, मूळ फिलिपीन्स देशीचे, बोलणे मऊ. त्यांनी यंत्र पुढे ठेविले आणि गुण वर्णिले. कन्येने मेमरी किती, प्रोसेसर कोणत्या सालचा, ऐसे सवाल केले आणि जबाब साजेसे आले. मातोश्रींनी ते काही ऐकिले नाही. त्यांनी झाकण तीन वेळा उघडोन मिटोन बिजागरीची परीक्षा केली, कारण सुताराची बायको प्रथम बिजागरी पाहाते. मग कॅमेऱ्यापुढे तोंड नेऊन ओठ हालविले आणि पडद्यावर ते नीट दिसतात की नाही ते निरखिले. मग यंत्र दोन्ही हातांवर कलिंगडासारखे तोलिले. आणि मग पर्स उघडोन मिठाने कडक जाहलेला कागद काउंटरवर पसरिला.

‘‘हे तुमचंच ना?’’

रोडेलियोपंत वाकोन पाहू लागले. ‘‘मॅडम, हे ऑक्टोबरचं आहे. आणि हा... बुटाचा ठसा आहे का?’’

‘‘आमच्या ह्यांचा आहे. तुम्ही किंमत वाचा.’’

पंतांनी किंमत वाचिली, ठसा पाहिला, मातोश्रींकडे पाहिले, आणि आत खलबतास गेले. थोरल्या साहेबाशी मसलत होऊन बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘चला, पाचशे नव्व्याण्णवला देतो.’’

येथे विजय हाती आला होता. परंतु बखरीत जे अनर्थ वर्णितात त्यांपैकी एक येथेच घडला. आपल्या लोकांत पहिल्या शब्दास काही घेणे म्हणजे अधाशीपणा. कॉफी विचारली तर ‘नको’, पुन्हा विचारली तर ‘खरंच नको’, आणि तिसऱ्यांदा आग्रह जाहला म्हणजे ‘बरं, अर्धा कप’ ऐसा कायदा. मातोश्रींच्या मुखातून अठ्ठेचाळीस वर्षांत मोडिला न गेलेला तो कायदा आपोआप बाहेर पडला.

‘‘नको नको, राहू दे. तुम्हाला त्रास.’’

‘‘त्रास कसला? साहेबांनी हो म्हटलंय.’’

‘‘नको, खरंच नको.’’

पंतांनी मान हालविली, ‘‘बरं मॅडम, तुमची मर्जी,’’ म्हणोन यंत्र उचलिले, आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

कन्येचा चेहरा पांढरा फटक जाहला. ‘‘आई! तो पाचशे नव्व्याण्णवला देत होता!’’

‘‘हो, मग? अजून एकदा विचारेल की.’’

‘‘हे दुकान आहे. मार्थाआत्याच्या घरची कॉफी नाही.’’

‘‘माणूसच आहे ना तो?’’ मातोश्री म्हणाल्या, आणि पर्स धरोन उभ्या राहिल्या. पाच मिनिटे गेली. पंत फिरकले नाहीत. मग मातोश्रींचा चेहरा हळूहळू उतरला. ‘‘चल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘प्रदक्षिणा घालू.’’

आवारात बर्फाचे ढीग रचिलेले, त्यांमधून मोटार चालली. कन्या हाकीत होती, मातोश्री शेजारी, मांडीवर पर्स. कन्येने तह मांडिला की, ‘‘आई, मी घेऊन देते. पूर्ण किमतीला. आत्ता.’’

‘‘पूर्ण किमतीला! तुझे बाबा...’’ आणि मातोश्री थांबल्या. खिडकीबाहेर पाहोन म्हणाल्या, ‘‘भाऊजी पहिला प्रश्न काय विचारतील माहितीये? कितीला पडला. नेहमी तोच. आणि ह्यांचं उत्तर कधी चुकलं नाही. मी त्या खुर्चीत बसायचं आणि पहिल्याच प्रश्नाला नापास?’’

कन्येस तेव्हा कळले की नऊ महिन्यांचे ‘बघू’ यंत्रासाठी नव्हते.

ती म्हणाली, ‘‘मग तूच निवाडा कर. बाबा कसा करायचे?’’

‘‘सूट बघायचे नाहीत ते. किती दिवस वापरणार, त्याने भागायचे.’’ मातोश्रींनी बोटावर हिशेब धरिला. ‘‘कर धरून पावणेसातशे. वर्षाचे बावन्न रविवार. पाच वर्षं धर. दोनशे साठ.’’

‘‘एका रविवारचे अडीच डॉलर. थोडं वर.’’

‘‘अडीच.’’ आपले वय चौऱ्याऐंशी, मातोश्रींचे त्र्याहत्तर. तरी पाच वर्षे धरिली. मोटार वळणावर सरकली, सावरली. मग मातोश्री म्हणाल्या, ‘‘स्वस्त आहे. सहाशे एकोणपन्नासलाही स्वस्तच आहे. पण तो लबाडीचा भाव मी देणार नाही.’’ प्रदक्षिणा पुरी जाहली. इच्छा शिल्लक होती.

आत येतात तो फळीवरील पेट्या सर्व गेलेल्या. मातोश्री काउंटरशी जाऊन उभ्या राहिल्या. रोडेलियोपंतांनी दुरोन पाहिले, हातचे काम टाकिले, काउंटरखाली वाकले, आणि एक पेटी काढोन वर ठेविली.

‘‘मावशी,’’ ते म्हणाले, कारण मॅडम हा शब्द तेव्हापासोन सुटला, ‘‘तिसऱ्यांदा विचारतो. पाचशे नव्व्याण्णव. घेता ना?’’

मातोश्री म्हणाल्या, ‘‘बरं. एवढा आग्रह करताय तर...’’

पंत हसले. ‘‘तुम्ही बाहेर गेलात आणि मला माझी आई आठवली. जेवलीस का विचारलं की दोनदा नाही म्हणायची. तिसऱ्यांदा विचारायचं विसरलो तर दिवसभर उपाशी, आणि वर रुसायची. दुकानात राहून राहून मीच ते विसरलो.’’

हे ऐकताच मातोश्रींनी पर्समधील पुडके काढिले आणि पावांचा नजराणा पुढे केला. ‘‘घ्या. घरचे आहेत.’’

‘‘नको नको, मावशी.’’

‘‘अहो घ्या.’’

‘‘खरंच नको, ड्यूटीवर आहे.’’

मातोश्रींनी त्यांच्याकडे रोखोन पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘हं. आता तिसऱ्यांदा.’’ पंतांनी दोन पाव घेतले. आणि पावांच्या मोबदल्यात त्यांनी जे काढिले, आणि जे मातोश्रींनी रीतीप्रमाणे दोनदा नाकारिले, त्याचे वर्णन पुढे यथास्थळी येईल.

रविवारी फराळ जाहला. जुन्या यंत्रावरील रुमाल मातोश्रींनी काढोन घडी करोन ठेविला आणि नवे यंत्र मांडिले. तिनास दोन मिनिटे कमी असता त्या किटली घेऊन खुर्चीमागे उभ्या राहिल्या. कन्येने किटली त्यांच्या हातातून घेतली. मग मातोश्री खुर्चीवर बसल्या.

पुढील आपणांस ठाऊकच, परंतु बखरीस शेवट पाहिजे म्हणोन लिहिते. पडद्यावर प्रथम छताचा पंखा दिसला, मग आपले कपाळ, मग आपण. आपण खुर्चीकडे पाहिले. खुर्चीत कोण आहे ते पाहिले.  आणि मग आपण, आपणांस ऐकू येत नाही म्हणोन सर्व पराग्वेस ऐकू जाईल ऐशा आवाजात, पुसिले, ‘‘लेना! कितीला पडला?’’

मातोश्रींनी ओठ नीट उघडोन सांगितले, ‘‘पाचशे नव्व्याण्णव.’’

‘‘छापील किती होती?’’

‘‘हजार नव्व्याण्णव. पण ते खोटं होतं, भाऊजी.’’

आपण मान डोलाविली, विचार केला, आणि दोष काढिला की, ‘‘बरं आहे. पण कॉर्नी असता तर वर पिशवी फुकट आणली असती.’’

 मातोश्री टेबलाखाली वाकल्या, आणि काळी, पट्ट्याची, दोन खणांची, कोरी पिशवी दोन्ही हातांनी कॅमेऱ्यापुढे धरिली, ऐसी की पडद्यावर दुसरे काही दिसेना. पिशवीमागे त्या हसत होत्या. दहा महिन्यांत पहिल्याने. तो आवाज आपणांस ऐकू आला नसेल म्हणोन मुद्दाम येथे नमूद केला आहे.

येणेप्रमाणे लॅपटॉप एक, पिशवी एक, बिजागरी मजबूत, रविवारी अडीच डॉलर या भावाने हस्तगत जाहला. आमचे बाजूस हानी पाव दोन. ऑक्टोबरचा कागद मोहिमेहून परत आला तो दाराशी पूर्ववत अंथरिला, त्यावर मातोश्रींनी तिन्ही जोड बूट सरळ रांगेत लाविले, आणि आज्ञा केली की, ‘‘तारीख लिही, आणि सांग भाऊजींना, पुढच्या रविवारी पंख्याखालून जरा पुढे बसा म्हणावं, ओठ मलाही दिसले पाहिजेत.’’ आज्ञेप्रमाणे लिहिले. डिसेंबरचा शेवटचा रविवार, विनिपेग, बाहेर उणे तेहेतीस. कळावे.