तीन हिरवे टाके

एक फोटो टाकायचा, एवढंच मी ठरवलं होतं. आईशप्पथ, एकच. आणि तोही हौसेनं नाही, मेहुण्याच्या धास्तीनं.

त्याचं असं झालं. आमची लॉन्ड्री वडिलांच्या हातची. अख्ख्या वस्तीचे कपडे चाळीस वर्षं आमच्याकडे आले. मग समोरच्या कोपऱ्यावर एक चकाचक दुकान उघडलं. तिथं कपडे मशीनमध्ये टाकायचे, बटण दाबायचं आणि गुबगुबीत सोफ्यावर बसून राहायचं. आमच्या गिऱ्हाइकांना धुलाईपेक्षा तो सोफा आवडला. दोन महिन्यांत आमच्याकडे येणारे गठ्ठे इतके कमी झाले, की आमचे इस्त्रीवाले काका एकच चादर दिवसातून तीनदा इस्त्री करू लागले. (हात बसून राहू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. चादरीचं म्हणणं कोणी विचारलं नाही.)

शेवटी बायकोनं निकाल दिला. "महिनाअखेरपर्यंत वाट बघते. नाही जमलं तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही माझ्या भावाकडे नोकरीला."

तिच्या भावाचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. माणूस वाईट नाही हो! पण तो मला वाकून "भाऊजी" म्हणतो आणि त्याच दमात हजेरीपटावर सही कुठे करायची ते दाखवतो. दर रविवारी त्याचा फोन ठरलेला. "भाऊजी, तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलंय बरं का!" वडिलांच्या दुकानाला कुलूप लावून मी खोकी मोजत बसणार? छे! मी पेटलो. म्हटलं, आता मार्केटिंग!

त्याच दिवशी दुकानाचं पेज काढलं आणि पाटीचा फोटो टाकला. तीन लाइक आले. एक बायकोचा, एक माझा आणि एक माझाच, जुन्या फोनवरून. दुसऱ्या दिवशी साबणाच्या पिंपाचा टाकला. या वेळी बायकोचाही आला नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र डोक्यात वीज चमकली. लोकांना स्वच्छ कपडे बघण्यात काय रस असणार? लोकांना रस असतो डागांत! मी एका कोटाच्या खिशावरच्या तपकिरी डागाचा जवळून फोटो काढला आणि खाली लिहिलं, "ओळखा पाहू, हा डाग कशाचा? बरोबर सांगणाऱ्याचा एक शर्ट फुकट धुऊन मिळेल. (गिऱ्हाइकाचं नाव पूर्ण गुप्त!)"

आणि काय सांगू महाराजा! तासाभरात दोनशे लाइक! फोन असा वाजायला लागला की काका म्हणाले, "छोटे मालक, त्याला जरा बाहेर नेऊन आणा." (मी पन्नाशीचा आहे. वडील मोठे मालक होते, म्हणून मी मरेपर्यंत छोटा.) कोणी लिहिलं कॉफी, कोणी लिहिलं बुटांचं पॉलिश, कोणी गंज. मी संध्याकाळी उत्तर जाहीर केलं, "चॉकलेटची टॉफी!" शेजारी धुतलेल्या खिशाचा पांढराशुभ्र फोटो. लोक वेडे झाले. दुसऱ्या दिवशी पँटच्या दोन्ही गुडघ्यांवरचे गवताचे हिरवे डाग टाकले. पाचशे लाइक! मग रेशमी स्कार्फवरची लिपस्टिक, मग टायवरचं आइस्क्रीम. मी जेवताना लाइक मोजायचो, आंघोळीला जाताना मोजायचो, इस्त्री करतानासुद्धा मोजायचो. (हे शेवटचं लक्षात ठेवा.)

"अगं, आपण गाजतोय!" मी बायकोला म्हणालो.

"गाजताय खरे," ती फोनमध्ये बघत म्हणाली. "पण दुकानात माणूस कुठाय?"

"येतील गं! झुंबड उडेल झुंबड!"

आणि उडाली की! शनिवारी सकाळी शटर वर केलं, तर बाहेर दहा-बारा माणसं उभी. माझा ऊर भरून आला. मी काकांना ओरडून सांगितलं, "काका, दोन्ही इस्त्र्या तापवा!"

सगळ्यांत पुढे दातांचे डॉक्टर होते. मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "या डॉक्टर, या!"

"माझे कपडे परत द्या."

"धुऊन झालेत, इस्त्री राहिलीय."

"तसेच चुरगळलेले द्या! अहो, माझी अब्रू काढलीत तुम्ही! काल एक सहा वर्षांची पोर खुर्चीत बसून मलाच विचारते, डॉक्टरकाका, तुम्ही टॉफी खाल्ल्यावर दात घासता का?"

मी गार पडलो. "पण डॉक्टर, मी नाव कुठे टाकलं? नुसता खिसा होता."

"आणि खिशाच्या वर काय होतं? तीन हिरवे टाके!"

अरे देवा!

आता हे टाके काय, ते सांगायला हवं. माझ्या वडिलांना कपड्यांवर शाईनं नावं लिहिलेली मुळीच खपत नसत. गिऱ्हाइकाचं नाव चव्हाट्यावर येता कामा नये, असा त्यांचा कटाक्ष. म्हणून त्यांनी प्रत्येक घराला रंगीत दोरा ठरवून दिला. डॉक्टरांचे तीन हिरवे टाके, मुख्याध्यापिकाबाईंचे दोन लाल, आमच्या घरचा एक काळा. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला पहिल्यांदा दोरा, मग पाणी. पद्धत झकास होती. फक्त चाळीस वर्षांत कपडे इतक्या वेळा इकडचे तिकडे गेले, आणि शेजाऱ्यांनी दोरे बघून ते इतक्या वेळा एकमेकांना परत केले, की कोणाचा दोरा कुठला हे आता शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. आणि मी शहाणा! कारागिरी दिसावी म्हणून प्रत्येक फोटोत तो दोरा मुद्दाम, आवर्जून, बोटानं सरळ करून घेतला होता.

"आणि माझ्या गुडघ्यांचं काय?" मागून आवाज आला. मुख्याध्यापिकाबाई! याच बाईंनी शाळेच्या मैदानावर पळायला बंदी घातली होती. "पालक मला विचारताहेत, बाई, तुम्ही कुठे पडलात? नातीबरोबर टेकडीवरून घसरत होते, हे काय मी शाळेच्या फळ्यावर लिहू?"

"नका लिहू बाई. तसं आता सगळ्यांना कळलंच आहे," मी धीर द्यायला गेलो. (माझ्या तोंडाला कुलूप असतं तर दुकानाला लावायची वेळच आली नसती.)

मग एकच गलका झाला. लिपस्टिकवाल्या स्कार्फचे मालक एक गृहस्थ निघाले. नाटकात बाईचं काम करतात हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. कपडे द्या, आत्ता द्या, आम्ही समोरच्या दुकानात जातो! मी टांगलेल्या कोटांच्या रांगेमागे शिरलो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मेहुणा!

"भाऊजी, पेज बघितलं. टेबल पुसून ठेवतो."

तिथं कोटांच्या मागे, खरं सांगतो, मला रडू आलं. वडिलांनी चाळीस वर्षं झाकलेलं मी चार दिवसांत उघडं पाडलं होतं. आणि कुलूप तर आता लागल्यातच जमा होतं.

"अहो, बाहेर या."

बायको. कधी आली कोण जाणे. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी दोन कोटांच्या मधून डोकं बाहेर काढलं.

"यांचं चुकलं," ती सगळ्यांना म्हणाली. "सगळे फोटो मी आत्ता काढून टाकते. पण तुमचे डाग गावानं बघितले आणि आमचा झाकून ठेवला, हा कुठला न्याय? म्हणून आज शेवटचं कोडं." तिनं कागद सोडला आणि आतला शर्ट उंच धरला. "ओळखा पाहू, हा डाग कशाचा?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तो आकाशी शर्ट! लग्नाच्या वाढदिवसाला तिनंच घेतलेला! मी तो विसरलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात, अगदी तळाशी, सात चादरींच्या खाली दडवला होता. तिला सांगितलं होतं, "जपून ठेवलाय, खास दिवशी घालीन." छातीवर, बरोब्बर खिशाच्या मध्ये, टोकदार तपकिरी डाग.

डॉक्टर पुढे वाकले. "हा... हा तर इस्त्रीचा!"

"शर्ट कोणाचा?" कोणीतरी विचारलं.

"कॉलर बघा," बायको म्हणाली.

"एक काळा टाका!" सगळी गर्दी एका सुरात ओरडली.

(हो, घातला होता मी टाका. जो शर्ट बायकोपासून लपवायचा, त्यालाही आधी दोरा घातला आणि मग लपवला. वडिलांचे संस्कार!)

"तेव्हा काय करत होता?" बायकोनं मला विचारलं.

"लाइक मोजत होतो," मी पुटपुटलो. "चारशे बारा झाले होते."

पहिल्यांदा मुख्याध्यापिकाबाई हसल्या. मग डॉक्टर, मग ते नाटकवाले गृहस्थ. लॉन्ड्रीवाल्यानं स्वतःचाच शर्ट जाळला! लोक पोट धरून हसले, भिंतीला टेकून हसले. काका हसता हसता इस्त्री बाजूला ठेवायला विसरले नाहीत, हा त्यांच्यातला आणि माझ्यातला फरक. डॉक्टरांनी डोळे पुसले आणि खिशातून चक्क एक टॉफी काढून माझ्या हातावर ठेवली. "असू दे आता. कोट मंगळवारी नेतो."

बायकोनं त्या शर्टाचा फोटो टाकला. दोन हजार लाइक! सोमवारपासून दुकानात पाय ठेवायला जागा नाही. लोक आपणहून डाग दाखवतात, "आमचा टाका ना पेजवर!" म्हणून मागे लागतात, बायको आधी कागदावर लेखी परवानगी घेते, मगच टाकते. समोरच्या दुकानातल्या सोफ्याचं कव्हरसुद्धा परवा आमच्याकडे धुवायला आलं. कुलूप टळलं, नोकरीही टळली. मी आनंदानं अक्षरशः नाचलो!

महिनाअखेरीला मेहुणा स्वतः आला. हातात त्याचा ठेवणीतला सूट. मी ताठ मानेनं काउंटरवर उभा होतो. "काय, खिडकीजवळचं टेबल रिकामंच राहिलं ना?"

"राहिलं भाऊजी, मानलं तुम्हाला!" त्यानं वाकून नमस्कार केला, सूट माझ्या हातात दिला आणि त्याच दमात माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मी वळून बघितलं. बायकोनं तो आकाशी शर्ट काचेच्या चौकटीत लावला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आमच्याकडे इस्त्री फक्त काका करतात.'