कापड तयार होईना

भागरथामावशी कापड कानाने पारखते. खळ दिलेलं, वाळवलेलं, इस्त्री केलेलं लुगडं कानाशी धरायचं, मुठीत चुरगळायचं आणि ते पापडासारखं वाजलं नाही तर म्हणायचं, "नाई वो बाई, अजून बोलून नाई राहिलं." की परत पाण्यात.

फुलचूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्याकडे गोधडीचे चौकोन कापायचं मशीन आहे. पात्यांच्या साच्यावर कापडाचे थर ठेवायचे, हँडल फिरवायचं, सगळे चौकोन एकसारखे पडतात. फक्त कापड कडक हवं. मऊ कापड सरकतं आणि चौकोन तिरके निघतात. हे मीच मावशीला सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

तिला जुन्या सुती लुगड्यांची गोधडी करायची होती, होणाऱ्या नातवंडासाठी. मुलगा आणि सून कल्पना नागपूरला. कल्पनाला दिवस राहायचे, पण टिकायचे नाहीत. तिकडे दवाखाने चालू, इकडे मावशी लुगडी भाताच्या पेजेत बुडवतेय, ओलसर असतानाच इस्त्री फिरवतेय, काठाचा धागा ओढून त्या रेषेवर कडा सरळ करतेय.

"मावशी, झालं की आता. द्या, कापून देते."

"कायले घाई करून राहिली? पोर व्हायच्या आधी कापलं त नजर लागते. तयार ठेवाले काय होते?"

ठेवायला होतं काय, तर पेजेच्या वासाने ट्रंकेत झुरळं येतात. आमच्या आळीतल्या झुरळांना मावशीइतकं प्रेमाने कोणी जेवू घातलं नसेल. मग ट्रंक उपसायची, सगळं धुवायचं, नव्याने खळ. लाल लुगडं गुलाबी झालं, गुलाबीला रंगच राहिला नाही. मी चिडायचे, "अशाने कापड विरून जाईल हो!" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खरं सांगते, दोरीवर ती लुगडी दिसली की मी दुसरीकडे बघायचे. येणारं कोणी नाही हे सगळ्या आळीला कळत होतं.

या थंडीत मुलाचा फोन आला. मावशीने परसातल्या भिंतीवरूनच सांगितलं, "डॉक्टर नाई म्हणला. आता बंद केलं म्हणते त्यायनं." तिने त्या दिवशीही पेज शिजायला ठेवली. मला रडूही आलं आणि रागही आला. आता हे कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गठ्ठा घेऊन आली. इस्त्री कडक, कडा सरळ.

"मोठे चौकोन काप. मोठ्या माणसाच्या मापाची करजो."

"कुणासाठी, मावशी?"

"कल्पनासाठी."

मी थर लावत होते. ती साच्याकडे बघत बोलत राहिली.

"रातच्याला उठून बसते म्हणते ते. कोणाशी बोलत नाई. इतक्या सालात कोणी तिले पुसलं का, तू कशी हायेस म्हणून? सारे तिचं पोटच पाहत राहिलो. मीबी."

मी हँडलला हात घातला. मावशीने तो बाजूला केला आणि हँडल स्वतः फिरवलं.