दोन बोटं वर राहिलेला टप

तंजावुरात सत्य बाहेर काढणारे दोघेच आहेत, एक काळ आणि दुसरे अनिरुद्धराव, असं खुद्द अनिरुद्धरावांचं मत होतं. काळ जरा सावकाश काम करतो आणि मधे कॉफी मागत नाही, एवढाच काय तो फरक. चौतीस वर्षं त्यांनी वीज खात्यात मीटर वाचले होते. नुसती चकती फिरताना पाहून घरात कोण खोटं बोलतंय ते मी सांगतो, अशी ते स्वतःची ओळख करून देत. ही ओळख ऐकलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा भेटत नसे, आणि याचा अर्थ तो गुन्हेगार होता असा अनिरुद्धराव लावत.

निवृत्त झाल्यावर राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांनी आपल्या दारावर ‘अन्वेषक’ अशी पाटी लावली. पाटी तमिळ लिपीत होती. घरोघरी मराठी बोलत असले तरी देवनागरी वाचणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं, आणि अनिरुद्धरावही त्या बाबतीत कच्चेच होते. आपल्या तपासाची वहीसुद्धा ते मराठीत, पण तमिळ अक्षरांत लिहीत. वहीत आजवर सतरा प्रकरणं होती. त्यांतली सोळा आपोआप सुटली आणि सतराव्यात हरवलेला कॉफी फिल्टर खुद्द अनिरुद्धरावांनीच पुरावा म्हणून कपाटात ठेवलेला निघाला.

मेहुणे रघोजी त्यांचे सहायक. हे बायकोचे, वत्सलाबाईंचे, धाकटे भाऊ, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. वही सांभाळणं, छत्री धरणं आणि योग्य जागी “असं कसं?” विचारणं एवढंच त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी बहिणीच्या शब्दाखातर पत्करलं होतं.

अठरावं प्रकरण शुक्रवारी सकाळी साडेसातला दाराशी उभं राहिलं. ते म्हणजे त्यांच्या मुलीची, हरिताची गाडी. हरिता कोइंबतूरला नोकरी करायची. तिनं एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात शेगडी, मोरी, बिछाना असं सगळं बसवून घेतलं होतं. गाडीचा टप उघडणारा होता. मुक्कामाला थांबलं की टपाचा पुढचा भाग वर ढकलायचा, मग बाजूंचं जाड कापड ताणलं जाऊन वरच्या गादीवर दोन माणसं झोपतील एवढी खोली तयार. निघताना टप खाली ओढायचा आणि आतून डाव्या-उजव्या बाजूचे दोन चाप लावायचे. काल हे सगळं दहा वेळा बिनतक्रार झालं होतं, गादीवर उशा-पांघरुणं असतानाही. आज पहाटे दव पुसायला हरितानं टप उघडला, आणि आता तो मिटत नव्हता. उजवीकडे नेमका दोन बोटं वर राहत होता.

साडेदहाला राहुकाळ लागायचा. त्याच्या आत गाडी गल्लीबाहेर पडायला हवी होती, कारण ती तुळजापूरला निघाली होती. सात पिढ्यांमागे घराणं कावेरीकाठी आलं, तेव्हापासून कुलदेवीला कोणी गेलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी अनिरुद्धरावांनी वत्सलाबाईंना “तुला नेतो” असा शब्द दिला होता आणि त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली होती. शेवटी मुलीनंच दहा दिवसांची रजा काढली. पुढच्या महिन्यात वत्सलाबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, म्हणजे आज राहिलं की राहिलंच. मायलेकी दोघीच निघाल्या होत्या. अनिरुद्धराव येणार नव्हते. शहर असं वाऱ्यावर सोडून कसं जायचं, असं ते म्हणाले होते.

“अप्पा, चाप लागंना,” हरिता म्हणाली.

“कोणी कशाला हात लावू नका,” अनिरुद्धरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “आधी घर पाहतो. मग गाडी.”

“गाडी बिघडली तर घर कशाला?” रघोजींनी विचारलं. हा प्रश्न ठरलेल्या प्रश्नांत नव्हता, त्यामुळे त्याला उत्तर मिळालं नाही.

घर पाहून त्यांनी वहीत लिहिलं: ‘मोरीत पाणी. पाट उभा. देव्हाऱ्यात दिवा नाही. बाबी किरकोळ.’ मग चपला काढून ते गाडीच्या वरच्या गादीवर चढू लागले.

“अहो, मज एक सांगायचं होतं,” दारातून वत्सलाबाई म्हणाल्या. “वर चढूंलात तर जरा—”

“साक्षीदारानं विचारल्यावर बोलायचं असतं.”

“मग विचारा.”

“तुझी पाळी येईल.”

वर जागा बेताचीच होती. उजव्या चापाची कडी टपाच्या आतल्या बाजूला होती, तिथवर पोचायला अनिरुद्धरावांनी कोपऱ्यातल्या शालीत गुंडाळलेल्या उशीवर पाय दिला आणि जोर लावून कडी हलवून पाहिली. कडी ठणठणीत होती. खाली उतरल्यावर त्यांनी तोंडी नोंद केली: ‘कडी शाबूत. उशी फार टणक, कापूस जुना.’

मात्र गादीवर त्यांना एक बारीक स्प्रिंग सापडली. ती त्यांनी चिमटीत धरून उन्हात फिरवली.

“रघोजी, हा घातपात आहे. चापाची स्प्रिंग काढलीय.”

“असं कसं?”

“शेजारचे भरद्वाज काल तीनदा विचारून गेले, परत कधी येणार म्हणून. परत येण्याची एवढी काळजी कोणाला? ज्याला गाडी जायलाच नको आहे त्याला. लिहा.”

रघोजींनी अनिरुद्धरावांच्या खिशातलं बॉलपेन घेऊन लिहायला सुरुवात केली, पण ते उमटेना. त्यांनी ते उघडलं. आत स्प्रिंग नव्हती. भरद्वाजांवरचा संशय तिथेच मागे घेण्यात आला आणि स्प्रिंग पेनात घालण्यात आली.

दुसरा सिद्धान्त उष्णतेचा होता. तापलं की धातू फुगतो, हे वीज खात्यात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळचे आठ वाजले होते आणि टप फायबरचा होता, पण अनिरुद्धराव अशा बारकाव्यांत अडकणारे नव्हते. दोन वेष्ट्या, म्हणजे नेसायची पांढरी धोतरं, भिजवून टपावर पसरल्या, वर बादलीभर पाणी ओतलं. त्यातलं निम्मं छत्री मिटून उभ्या असलेल्या रघोजींवर आलं. टप होता तिथेच राहिला.

मग हरितानं कोणाला न विचारता गुरुमूर्तीला फोन केला. पापनाशमच्या रस्त्यावर त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. तो स्कूटीवरून आला, टपाकडे बघितलं आणि म्हणाला, “सार, दारं-खिडक्या का बंद ठेवल्यात? टप खाली येताना आतल्या हवेला वाट पाहिजे ना.”

“हे माझ्या मनात होतंच,” अनिरुद्धराव म्हणाले.

दारं उघडली. टप जरा सहज खाली आला, पण पुरता नाही. गुरुमूर्तीनं कापडाची घडी मधे चिमटली होती ती आत सारली, रबराच्या पट्टीवरची माती पुसली, डाव्या चापाच्या कडीचा नट सैल करून ती दोन आटे लांब केली. डावा चाप लागला. उजवीकडे पुन्हा दोन बोटं.

“आतून काहीतरी अडवतंय, सार,” तो म्हणाला.

“बरोबर. आतून,” अनिरुद्धरावांचे डोळे चमकले. “हेतू. रघोजी, आपण चाप बघत बसलो आणि माणूस विसरलो. गाडी गेली नाही तर फायदा कोणाचा?”

रघोजींची वेष्टी अजून ठिबकत होती. या खेपेला त्यांनी “असं कसं” म्हटलं नाही.

“भावजी, तुमचा.”

गल्लीत एक सायकल घंटा वाजवत गेली.

“परवा तुम्हीच म्हणालात,” रघोजी खालच्या आवाजात सांगू लागले, “सकाळच्या गोळ्या कुठल्या डबीत असतात तेसुद्धा मज ठाऊक नाही म्हणून. दहा दिवस कसे जातील म्हणून. अक्का नसली तर तुमची प्रकरणं ऐकणार कोण?”

अनिरुद्धराव न्यायी माणूस. त्यांनी वहीत ‘संशयित: मी’ असं लिहिलं आणि तिथल्या तिथे जबाब घेतला. पहाटे पाच ते साडेसात आपण कुठे होतो? झोपेत. साक्षीदार? हरिता, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे पलीकडच्या घरातले लोकही, कारण घोरणं तिथवर ऐकू जात होतं. पुराव्याअभावी त्यांनी स्वतःची सुटका केली. पण सुटल्यासारखं काही वाटेना. टप मिटत नाही हे सकाळी कळलं तेव्हा आपल्याला एक क्षणभर बरं वाटलं होतं, हे त्यांना आता आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ते मात्र त्यांनी वहीत लिहिलं नाही.

दहा वाजले. गुरुमूर्तीनं नायलॉनची दोरी काढली. गवताचा भारा बांधतात तसा टप आवळून बांधू म्हणाला. हरितानं मान हलवली. हायवेवर वारा टपाखाली शिरला तर टप आणि माणसं दोन्ही जातील, अशी गाडी मी चालवणार नाही, असं तिनं स्पष्टच सांगितलं. मग ती आईकडे न बघता म्हणाली, “अम्मा, आज होईलसं वाटंना.”

वत्सलाबाई दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. प्रवासासाठी घेतलेल्या नव्या चपला त्यांनी काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या.

“राहूं दे गे,” त्या म्हणाल्या. “एकेचाळीस वर्षं राहिलं, अजून राहील.”

त्या रागावून बोलल्या असत्या तर अनिरुद्धरावांना सोसलं असतं. त्या चपला बघून त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी वही मिटली. पुढचा सिद्धान्त त्यांच्यापाशी नव्हता.

तेवढ्यात फुलं घेऊन अलमेलु आली. बावीस वर्षं ती या घरी रोज दहाला येई, कोणाशी न बोलता सरळ आत जाऊन देव्हाऱ्यापाशी फुलांचा पुडा ठेवी आणि निघून जाई. आज ती पुडा हातात घेऊनच बाहेर आली.

“वत्सलाम्मा, देव्हारा रिकामा आहे,” ती म्हणाली. “स्वामी कुठे गेले?”

“कोठें जातील?” वत्सलाबाई म्हणाल्या. “वंडीत आहेत. वर.”

पाचही माणसांनी एकदम गाडीच्या टपाकडे पाहिलं.

“वर म्हणजे कुठे, अम्मा?” हरितानं विचारलं.

“गादीवर, कोपऱ्यात. आपले टाक आईच्या भेटीस न्यायचे नाहीत का? सात पिढ्या झाल्या, देवांची भेट नाही. पहाटे तूं टप उघडलास तेव्हां शालीत गुंडाळून पेटी वर ठेवली. खाली ठेवली असती तर देवांच्या डोक्यावर माणसं निजणार. तें चालेल का?” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “सकाळपासून तेंच सांगूंलें मी. वर चढूं नका, पाय लागेल.”

आंघोळ झालेली हरिता वर चढली आणि शाल बाजूला करून तिनं पेटी खाली दिली. सागवानी पेटी, आत घराण्याचे चांदीचे टाक, आणि झाकणावर पितळेचा कळस. गुरुमूर्तीनं कळसावर आडवी बोटं ठेवून पाहिली. दोन भरली. त्यानं डाव्या कडीचे आटे पूर्ववत केले, टप खाली ओढला आणि दोन्ही चाप टक्‌ टक्‌ लागले.

अनिरुद्धरावांना ती टणक उशी आठवली. ते रस्त्यावर उतरले आणि वत्सलाबाईंनी धरलेल्या पेटीसमोर, म्हणजे गाडीसमोरच, साष्टांग आडवे झाले. मोपेडवरून जाणारी एक बाई हा प्रकार पाहून थांबली, तिनंही गाडीला हात जोडले आणि पुढे गेली.

“उठा,” वत्सलाबाई म्हणाल्या. “देवांना ठाऊक आहे तुम्ही कसे ते.”

प्रकरण सुटलं, पण पेटीचा प्रश्न सुटला नव्हता. गाडी चालताना ती वर राहू शकत नव्हती. खाली ठेवायची तर सीटखाली चपला होत्या, मागे शेगडी होती, आणि जमिनीवर ठेवायचं कोणी नावही काढलं नाही. आंघोळ केलेल्या माणसाच्या मांडीवरच ती जायला हवी होती. हरिता चालवणार होती. वत्सलाबाईंचे गुडघे असे, आणि गाडी लागली की त्यांना खिडकी गाठावी लागे. रघोजी ओले होते, शिवाय बसल्या जागी पेंगायची त्यांची ख्याती होती.

“तुम्ही या,” वत्सलाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“पण माझी प्रकरणं—”

“कोणतीं?”

अनिरुद्धरावांनी जरा विचार केला. मग ते आत गेले आणि सहा मिनिटांत आंघोळ करून, एका पिशवीत दोन वेष्ट्या आणि वही-पेन घेऊन बाहेर आले. गोळ्यांची डबी वत्सलाबाईंच्या पिशवीत होतीच, दहा दिवसांच्या गोळ्या भरून. ती कोणासाठी भरली होती हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना इतका आनंद झाला होता की तपास करायचं सुचलंच नाही. शहर रघोजींवर सोपवण्यात आलं.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी गाडीनं गल्ली सोडली. मागच्या सीटवर अनिरुद्धराव ताठ बसले होते, मांडीवर देव, कळसावर अलमेलुची फुलं, दोन्ही हात पेटीभोवती. तंजावूरचा सर्वश्रेष्ठ अन्वेषक अकराशे किलोमीटर देव्हारा म्हणून निघाला होता. खड्डा आला की हरिता मागे वळून “अप्पा, नीट” म्हणे, आणि ते आपल्यासाठी नसून देवांसाठी आहे हे त्यांना कळत होतं.

शहराबाहेर भाताची खाचरं लागली तेव्हा त्यांना वहीची आठवण झाली.

“प्रकरण अठरा नोंदवायचं राहिलं,” ते म्हणाले. “माझे हात रिकामे नाहीत. तूच लिही.”

“काय लिहूं?”

“निष्कर्ष. तुला सुचेल तसा.”

वत्सलाबाईंनी वही उघडली, पेन झटकलं आणि तमिळ अक्षरांत सावकाश लिहून वही त्यांच्यासमोर धरली. एकेचाळीस वर्षांत त्यांच्या हस्ताक्षरातला तो पहिलाच जबाब होता. अनिरुद्धरावांनी तो पेटीवरून वाकून वाचला.

‘देव वर होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं.’